विश्वास कुणावर ठेवायचा?

मी शेगावची. दर गुरुवारी गजानन महाराजांच्या दर्शनाला जाते. जानेवारी २०२५मध्ये आमच्याच तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस मुठीमुठीनं गळू लागले. मोबाइलवर रोज नवं कारण यायचं: पाणी, बुरशी, शाम्पू, कुणाची तरी बाधा. लग्नाच्या पोरींचे आईबाप तर हादरून गेले.

यातलं खरं काय, कसं ठरवायचं? आयुर्वेदाच्या चरकसंहितेत सत्य पारखण्याचे चार मार्ग आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. आप्त म्हणजे रज-तमापासून सुटलेला जाणता. असा माणूस ओळखायचा कसा? मला वाटतं, तो आपलं म्हणणं इतरांना तपासू देतो. डॉ. हिंमतराव बावस्करांनी गावांत येऊन रक्त, लघवी, केस आणि रेशनच्या गव्हाचे नमुने तपासून घेतले. गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. हे कुणालाही पुन्हा तपासता येतं. बाधा कशी तपासणार?

शंका घेतल्यानं माझी भक्ती उणी झाली नाही. महाराजांपुढे मी धीर मागते. रोगाचं कारण शोधायला बुद्धी त्यांनीच दिली, असं मानते.

बायांनो, मोबाइलवर आलेला असा निरोप पुढं धाडण्याआधी एवढं विचारा: हे कुणी सांगितलं, आणि काय तपासून?