परीक्षा कोणाची?

आजचं वाचन: श्रीमद्भागवत, पहिला स्कंध, आठवा अध्याय.

युद्ध संपलंय. श्रीकृष्ण द्वारकेला निघालेत, रथावर चढतायत. तेवढ्यात समोरून उत्तरा धावत येते. तिचा नवरा, अभिमन्यू, युद्धाच्या तेराव्या दिवशी गेला. त्याचं मूल तिच्या पोटात आहे, आणि त्या मुलाच्या दिशेने अश्वत्थाम्याने ब्रह्मास्त्र सोडलंय. ती एकच गोष्ट मागते. हा बाण मला जाळतो तर जाळू दे, पण माझा गर्भ वाचव.

हा अध्याय मी पूर्वी दोनदा वाचला होता. दोन्ही वेळा माझं सगळं लक्ष पुढे येणाऱ्या कुंतीच्या स्तुतीकडे होतं. प्रवचनांतही तीच गाजते. या वेळी मात्र उत्तरेपाशीच अडकले, कारण आज मला अठरावा आठवडा चालू आहे आणि आमचा एक रिपोर्ट यायचाय.

थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी डबल मार्कर नावाची रक्ततपासणी करतात. माझ्या रिपोर्टवर लाल अक्षरात 'हाय रिस्क' आलं. डाऊन सिंड्रोमची शक्यता १८० मध्ये १. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की हे निदान नाही, ही फक्त शक्यता आहे. असेच आकडे असलेल्या १८० बायका एका हॉलमध्ये बसवल्या, तर त्यातल्या १७९ जणींच्या बाळांना हे नसतं. ऐकायला बरं वाटलं. पण रात्री झोप उडाल्यावर मी त्या हॉलमधली एकशे ऐंशीवी खुर्चीच शोधत होते. पुढची तपासणी म्हणजे पोटातून सुईने गर्भजल काढणं. ती झाली. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात, म्हणून पूर्ण रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. ते आठवडे आता चालू आहेत.

बाहेरून बघाल तर सगळं नेहमीसारखंच आहे. घरून काम, कॅमेरा बंद ठेवून मीटिंगमध्ये खाल्लेले चुरमुरे, संध्याकाळी सोसायटीत चार फेऱ्या. सासूबाईंनी जुन्या सुती साड्या धुऊन ठेवल्यात, दुपट्यांसाठी. शिवायला मात्र घेतलेल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "शिवू गं, घाई काय आहे." त्या घाई का करत नाहीयेत, हे त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे, आणि आम्ही दोघी ते बोलत नाही.

आणि रोज सकाळी देवापुढे हात जोडले की तोंडातून आपोआप येतं, 'देवा, सगळं नॉर्मल असू दे.'

आजचा प्रश्न याच वाक्याचा आहे. ही प्रार्थना नक्की कोणासाठी आहे?

नीट बघा. बाळाच्या गुणसूत्रांची संख्या कधीच ठरून गेलीय. एकविसावं गुणसूत्र दोन आहे की तीन, हे आज देव ठरवणार नाहीये. जे मूल आत्ता पोटात आहे, ते जसं आहे तसं आहेच. मग 'नॉर्मल असू दे' म्हणताना मी देवाला काय सांगतेय? हे मूल वेगळं असेल तर हे नको, दुसरं दे, असं तर नाही ना? हा विचार पहिल्यांदा आला तेव्हा हात जोडलेलेच राहिले आणि पुढे काय म्हणायचं ते सुचेना.

यावर एक सोपं उत्तर आपल्याकडे तयार असतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळीसावा श्लोक. फळाची अपेक्षा सोड, म्हणजे मागूच नको. पण तो श्लोक कर्माबद्दल आहे. मी केलेल्या कामाच्या मोबदल्यावर हक्क सांगू नकोस, असं तो सांगतो. बाळ माझ्या कुठल्याही कामाचा मोबदला नाही. आणि सातव्या अध्यायात, सोळाव्या श्लोकात, भगवंत आपल्याकडे येणाऱ्यांचे चार प्रकार सांगतात: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. ज्ञानी त्यांना सगळ्यात जवळचा आहे, हे खरं. पण लगेच अठराव्या श्लोकात ते चौघांनाही उदार म्हणतात. दुःखाने कळवळून आलेला आर्त दारातून परत पाठवलेला नाही. तेव्हा मागणं हे मुळातच कमी दर्जाचं, असं गीतेचं नाव घेऊन तरी म्हणता येणार नाही.

दुसरं सोपं उत्तर शेजारच्या काकूंनी दिलं. "देवाची इच्छा म्हणायचं आणि सोडून द्यायचं." काकू प्रेमाने बोलल्या. पण मला ते झेपलं नाही, आणि का झेपलं नाही ते आजच्याच अध्यायाने सांगितलं.

गंमत बघा. उत्तरेचा गर्भ वाचतो, आणि त्याच अध्यायात पुढे कुंती कृष्णाला म्हणते की आमच्यावर संकटं येतच राहू देत, कारण संकटात तुझं दर्शन होतं. एका अध्यायात दोन बायका. नात सून संकट टाळ म्हणते, आजेसासू संकट दे म्हणते. कृष्ण दोघींचंही ऐकून घेतो. उत्तरेला 'अगं, जरा वैराग्य शिक' असं म्हणत नाही. तो आपल्या योगमायेने तिचा गर्भ झाकतो.

आणि कुंतीने तरी काय केलं? लाक्षागृह, वनवास, विष घातलेलं अन्न, हे सगळं सोसून झाल्यावर तिने ते मागणं केलं. उत्तरेचं अस्त्र परतवण्याआधी ती मध्ये पडून म्हणाली नाही, की राहू दे, तेवढंच देवदर्शन होईल. वैराग्य ज्याचं त्याने आपल्यापुरतं घ्यायचं असतं. दुसऱ्याच्या पोटातल्या बाळाच्या वतीने ते घेता येत नाही. कोणी दवाखान्याच्या बाकावर बसलेलं असताना 'देवाची इच्छा' हे शब्द आपण बाहेरून बोलू नयेत. ते आतून आले तर त्या माणसालाच येऊ द्यावेत.

मग मागावं. पण काय मागावं?

मला वाटतं, मागणं आणि अट यांत फरक आहे, आणि दोन्ही बाहेरून एकसारखी दिसतात. ओळखायची खूण एकच सापडली. उत्तर 'नाही' आलं, तर माझ्या वाक्यात बाळ उरतं का? 'याला त्रास होऊ नये' असं मी म्हणाले आणि त्रास झालाच, तर मी त्याच्या त्रासात त्याच्याजवळच असेन. वाक्य बदलेल, बाळ तिथेच राहील. पण 'असं असेल तरच माझं' असं मनात असेल आणि तसं नसलं, तर वाक्यातून बाळच गळून पडतं. उत्तरेने तर स्वतःलाच वाक्यातून काढलं आणि बाळाला ठेवलं. शूर दे, राजा होईल असा दे, कुरुकुळाला शोभेल असा दे, यातलं काहीही तिने मागितलं नाही. खरं तर कुळात दुसरा वारस उरला नव्हता. मागितलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती.

अट घातली की काय होतं, त्याची गोष्ट महाभारताच्या वनपर्वात आहे. कहोड ऋषी वेदपठण करतायत. बायको सुजाता गर्भवती आहे. पोटातलं मूल म्हणतं, बाबा, तुम्ही रात्रभर म्हणताय, पण ते नीट होत नाहीये. शिष्यांसमोर अपमान झाला म्हणून कहोड त्याला शाप देतात, आठ ठिकाणी वाकडा होशील. तोच अष्टावक्र. बापाला हुशार मूल हवं होतंच की! पण आपल्याला शोभेल इतपतच हुशार. पुढे कहोड जनकाच्या दरबारात वादात हरतात आणि पाण्यात बुडवले जातात. त्यांना सोडवून आणतो तो हाच वाकडा मुलगा, बाराव्या वर्षी.

आपला समाज या बाबतीत फार मागे नव्हता. जावेच्या डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या, एकीत पेढा, दुसरीत बर्फी. सगळ्या हसत होत्या. पेढा निघाला तेव्हा टाळ्या जरा जास्तच वाजल्या. सोनोग्राफीच्या प्रत्येक खोलीबाहेर तो फलक असतो, इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही. मी सही केलेल्या फॉर्मवरही छापलेलं होतं की मला लिंग जाणून घ्यायचं नाही. महाराष्ट्राने यासाठी १९८८ मध्ये कायदा केला, देशाने १९९४ मध्ये. एका साध्या प्रश्नावर कायद्याने बंदी घालावी लागली, कारण त्या प्रश्नामागे अट लपलेली होती.

आता तुमच्यातलं कोणीतरी विचारेल, की अट नसेल तर तपासणी तरी का केली? बरोबर आहे. माहिती हवी होती म्हणून केली. डाऊन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. आधी कळलं तर बाळंतपण कुठे करायचं, सोबत कोणते डॉक्टर हवेत, हे ठरवता येतं. पण तेवढंच कारण होतं असं म्हणणं खरं होणार नाही. माझ्या भीतीत बाळाचा वाटा किती आणि माझा किती, हे मी वेगळं करून बघितलं. नोकरीचं काय, लोक काय म्हणतील, आमच्यामागे त्याचं कोण, असे बरेच प्रश्न माझ्या वाट्याचे निघाले. शेवटचा प्रश्न खोटा नाही, तो फार खरा आहे. त्याला स्तोत्र म्हणून उत्तर मिळत नाही. त्याला माणसं लागतात, पैसे लागतात, शाळा लागते. रिपोर्ट काहीही आला तरी पुढे काय, हे आम्हा दोघांतलं बोलणं आहे. ते मी इथे मांडणार नाही. अशाच रिपोर्टनंतर ज्यांनी कुठलाही निर्णय घेतला असेल, त्यांच्यावर निकाल द्यायला मी बसलेली नाही. आम्ही एवढंच ठरवलंय, की घरात बोलताना 'केस' म्हणायचं नाही, 'रिस्क' म्हणायचं नाही. 'बाळ' म्हणायचं.

बाकी एक बदल केलाय. गर्भसंस्काराचं अ‍ॅप काढून टाकलं. त्यातली स्तोत्रं वाईट होती असं अजिबात नाही. पण रोज सूचना यायची, हे ऐका म्हणजे बाळ बुद्धिमान होईल, ते ऐका म्हणजे तेजस्वी होईल. स्तोत्राचं खत झालं होतं. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद आपल्या मित्रांना सांगतो, की आई कयाधू नारदांच्या आश्रमात असताना त्यांनी केलेला उपदेश मी पोटात ऐकला. पुढे आई तो विसरली, मी नाही विसरलो. म्हणजे कयाधूने काही योजनाच आखली नव्हती. ती संकटातून आली होती, आश्रयाला राहिली होती आणि ऐकत होती. सहाव्या महिन्याच्या आसपास बाळ आवाजांना प्रतिसाद देऊ लागतं, आणि जन्मल्यावर आईचा आवाज ओळखतं. माझं वाचन त्याला हुशार करेल की नाही, कोण जाणे. आवाज ओळखीचा होईल, एवढं मला पुरे आहे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. उत्तरेच्या त्या मुलाला पोटात असताना एका तेजस्वी पुरुषाचं दर्शन झालं होतं. बाराव्या अध्यायात भागवत सांगतं, की जन्मल्यावर तो समोर येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे निरखून बघायचा, पोटात आपल्याला सांभाळणारा तो हाच का? असा पारखून बघणारा, म्हणून त्याचं नाव परीक्षित.

गेले दोन महिने मी समजत होते की परीक्षा बाळाची चाललीय. रक्त, सुई, आकडे, रिपोर्ट. परीक्षिताने ते उलटं करून दाखवलं. बाळ येईल आणि आमच्या चेहऱ्याकडे बघेल. त्याला एकच गोष्ट पारखायची असेल, की मला सांभाळणारं ते इथे कोणात दिसतंय का? एकवीसची जोडी असो की तिकडी, हा प्रश्न ते विचारणारच. आणि त्या पेपरचा अभ्यास रिपोर्ट यायच्या आत सुरू करता येतो.

म्हणून सकाळचं वाक्य बदललंय. 'देवा, याला सांभाळ. आणि याने बघितलं की माझ्या चेहऱ्यावर भीती दिसू देऊ नकोस.' कधी कधी जुनं वाक्यही येतं तोंडात. येऊ देते. आर्तालाही त्याने उदारच म्हटलंय.

आज करून बघण्यासाठी: तुमची रोजची एक प्रार्थना घ्या. त्यातल्या माणसाच्या बाबतीत उत्तर 'नाही' आलं असं समजा. ते माणूस तुमच्या वाक्यात उरतं का, बघा.

उद्याचं वाचन: पहिला स्कंध, नववा अध्याय. शरशय्येवरचे भीष्म.

राम कृष्ण हरी!