दुखणारा गुडघा आणि उपचारकाचा धर्म

ज्याच्या उपजीविकेचा आधारच दुसऱ्याचे दुःख आहे, त्याने त्या दुःखाशी कोणत्या वृत्तीने वागावे, हा प्रश्न नीतिशास्त्रात फार जुना आहे. वकील भांडणावर जगतो, वैद्य रोगावर जगतो, आणि तरीही चांगला वकील भांडण मिटावे व चांगला वैद्य रोग हटावा म्हणून झटतो, अशी समाजाची श्रद्धा असते. परंतु वैद्यकाच्या अनेक शाखांपैकी एका शाखेत या श्रद्धेची कसोटी रोजच्या रोज लागते. भौतिकोपचार, म्हणजे ज्याला आज सर्वजण फिजिओथेरपी म्हणतात, ती ही शाखा होय. शल्यवैद्य एकदा शस्त्र चालवितो आणि मोकळा होतो. भौतिकोपचारकाकडे मात्र गुडघा, कंबर वा खांदा धरून आलेला मनुष्य दहा-पंधरा दिवस येत राहतो, आणि दर खेपेचे पैसे निराळे मोजतो. ज्या दिवशी त्याला येण्याची गरज उरत नाही, तो दिवस उपचाराच्या हिशेबात यशाचा आणि गल्ल्याच्या हिशेबात तोट्याचा असतो. या दोन हिशेबांचा मेळ कसा घालावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विचार हवेत तरंगू नये म्हणून एक गाव डोळ्यांपुढे ठेवू. मध्यप्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात, बालाघाटहून बैहरकडे जाणाऱ्या वाटेवर, उकवा नावाचे गाव आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा मुलूख आणि नागपूर एकाच प्रांतात होते. आजही गोंदिया आणि भंडारा हे त्याचे शेजारी जिल्हे आहेत, आणि मराठी कानाला तेथील बोली परकी वाटत नाही. उकव्याची ओळख मॅंगनीजच्या भूगर्भातील खाणीने झाली आहे. ब्रिटिश कंपनीच्या ताब्यातील या भागातल्या खाणी १९६२ साली स्थापन झालेल्या, नागपूर हे मुख्य ठाणे असलेल्या ‘मॉइल’ या संस्थेकडे आल्या, आणि १९७७ साली ती संस्था पूर्णपणे सरकारी मालकीची झाली. पोलादाला बळकटी देणारे हे काळे खनिज वर येते ते माणसांच्या पाठीच्या, खांद्यांच्या आणि गुडघ्यांच्या बळावर. खाणीबाहेर भाताची शेती आहे. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तांदळाचा सुवास सर्वांना ठाऊक असतो, परंतु रोवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून राहिलेल्या बायकांच्या कमरेचा विचार क्वचितच कोणाच्या मनात येतो.

अशा गावी दुखणाऱ्या माणसाला आजवर तीन आधार असत: घरचे तेल, गावचा हाड बसविणारा, आणि औषधाच्या दुकानातली वेदनाशामक गोळी. आता समजा, पदवी घेतलेल्या एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने येथे एक खोली घेऊन उपचारकेंद्र मांडले. आत एक पलंग, शेकाची सोय, विजेची एक-दोन यंत्रे आणि भिंतीला टेकवलेली एक लाकडी पायरी एवढा संसार आहे. या मांडणीतील सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे ती पायरी, आणि बहुतेक वेळा सर्वांत गुणकारीही तीच. सर्व नैतिक अडचण येथूनच सुरू होते.

नचिकेत्याला यमाने श्रेय आणि प्रेय यांचा भेद सांगितला, ही कठोपनिषदातील कथा आपणा सर्वांना परिचित आहे. जे गोड वाटते ते निराळे आणि जे हिताचे असते ते निराळे. दोन्ही माणसापुढे येतात आणि त्याला निवड करावी लागते. उपचारकेंद्रातही तीच दोन वाटांची खूण दिसते. पलंगावर निजून राहावे, कोणी मर्दन करावे, यंत्राची गुणगुण ऐकावी, हे प्रेय. दुखऱ्या पायावर भार देऊन त्या पायरीवर दहा वेळा चढावे-उतरावे आणि हाच क्रम घरी रोज चालवावा, हे श्रेय. सांध्यातील कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते, आणि ते पोचविण्याचे काम हालचालीनेच होते. म्हणूनच ‘गुडघा झिजला, आता तो हलवू नका’ हा सल्ला दयेतून दिलेला असला तरी हिताचा नसतो.

आधुनिक वैद्यकाचा निर्वाळा याच दिशेचा आहे. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०२२ साली संधिझिजेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत प्रत्येक रुग्णाला व्यायाम द्यावा असे सांगितले आहे, आणि विजेच्या व ध्वनिलहरींच्या यंत्रोपचारांना पुरेसा पुरावा नसल्याने ते देऊ नयेत असेही सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसंबंधी असेच मत दिले. शिक्षण आणि व्यायाम यांना तिने मान्यता दिली, तर कंबरेचे पट्टे व ताण देण्याचा उपचार यांची शिफारस केली नाही. या व्यवसायाचा इतिहासही हेच सांगतो. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग याने १८१३ साली आपली संस्था स्थापिली ती व्यायामाची. आपल्या देशात १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येची शाळा निघाली, तिच्यामागे पोलिओने पांगळी झालेली मुले होती. लुळ्या पडलेल्या पायाच्या मुलाला कितीही कुरवाळले तरी ते चालू लागत नाही. शिल्लक राहिलेल्या स्नायूंनी त्यालाच उभे राहावे लागते, आणि उपचारकाने त्याला त्या प्रयत्नात साथ द्यावयाची असते.

मग उत्तर सोपे झाले असे कोणी म्हणेल: उपचारकाने प्रेय टाकावे आणि श्रेय द्यावे. परंतु हे उत्तर ज्याची पाठ दुखत नाही त्याचे उत्तर आहे. वेदनेने गांजलेल्या मनुष्याला प्रथम धीर हवा असतो, आणि धीर पुष्कळदा हाताच्या स्पर्शातून मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही मर्दनाला बाद केलेले नाही. तेव्हा प्रेयाला बंदी नाही. प्रेयाचा उपयोग श्रेयाकडे नेणारी पायवाट म्हणून होतो की त्याच जागी रोग्याला बसवून ठेवणारा मंडप म्हणून होतो, एवढेच पाहावयाचे. याची ओळख उपचारकाच्या बोलण्यावरून पटते. ‘आज थोडे मोकळे करून देतो, उद्यापासून तुम्हीच करावयाचे’ असे म्हणणाऱ्याचा हात सेवा करीत असतो. ‘तुमचा मणका सरकला आहे, तो मीच दर आठवड्याला बसवीन’ असे म्हणणारा रोग्याच्या मनात भय पेरतो, आणि त्या भयाचे पीक वर्षानुवर्षे काढतो. दोघांचे हात सारखेच चालतात, पण एकाच्या वाणीत सत्य आहे आणि दुसऱ्याच्या वाणीत नाही.

याहून कठीण असा दुसरा प्रश्न आहे. समजा, उपचारक सच्चा आहे आणि त्याने खाणकामगाराची पाठ बरी केली. तो कामगार दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खाणीत, त्याच ओझ्याखाली जाणार. मग हा उपचार माणसाचा झाला, की खाणीच्या अवजाराची डागडुजी झाली? काही विचारवंत येथे थांबतात आणि म्हणतात की कारण कायम ठेवून वेदना शमविणे ही एक प्रकारची फसवणूकच होय. हे म्हणणे ऐकावयास भारदस्त आहे, पण रोजंदारीच्या माणसाला ते परवडत नाही. शिवाय विश्रांती हे सर्व दुखण्यांचे औषध आहे, हेही खरे नाही. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुकतीच कंबर धरलेल्या २०३ रोग्यांपैकी काहींना दोन दिवस व काहींना सात दिवस अंथरुणावर पडून राहण्यास सांगितले होते. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी भरले, आणि इतर बाबतींत त्यांचे काहीही बिघडले नाही. काम सोडविणे म्हणजे बरे करणे नव्हे.

तरीही त्या आक्षेपातील सत्याचा अंश नाकारता येत नाही. माझ्या मते त्याचे उत्तर दोन कर्तव्यांत आहे. पहिले असे की, उपचाराचे ध्येय रोग्याने ठरवावे. खाणीला त्याचे खांदे हवे असतील. त्याला स्वतःला कदाचित पाटावर मांडी घालून जेवावयाचे असेल, नातवाला उचलून घ्यावयाचे असेल, आपल्या बांधावर उकिडवे बसावयाचे असेल. ‘तुम्हांला पुन्हा काय करता यावयास हवे?’ हा प्रश्न ज्या केंद्रात पहिल्या दिवशी विचारला जातो, तेथे माणसाचा उपचार होतो. कामगाराने ‘मला कामावर जावयाचे आहे’ असे सांगितले, तर तोही त्याचा संकल्पच होय, आणि त्याचा मान राखावयास हवा.

दुसरे कर्तव्य साक्षीचे आहे. एकाच जातीचे काम करणारे पाच जण एकाच बाजूचा खांदा धरून आले, तर ते पाच योगायोग नव्हेत. उपचारकाने त्याची नोंद ठेवावी आणि ती जेथे सांगावयाची तेथे सौम्य पण स्पष्ट शब्दांत सांगावी. ब्रिटनने भूगर्भात दहा वा अधिक वर्षे राबलेल्या कोळसा-कामगारांच्या गुडघ्याची संधिझीज हा व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केला तो २००९ साली, म्हणजे तेथील बहुतेक खाणी मिटल्यानंतर. असा न्याय नोंदींवाचून मिळत नाही, आणि उशिरा मिळालेला न्याय पुष्कळांच्या हाती पडत नाही. मॅंगनीजच्या गावी तर ही जागरूकता अधिकच हवी. या धातूची धूळ दीर्घकाळ शरीरात गेल्यास मज्जासंस्थेला इजा होते आणि चाल ताठर व अडखळती होते, हे ग्लासगोच्या जॉन कूपर याने १८३७ सालीच लिहून ठेवले. आपल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातही पुढे मॅंगनीजजन्य रोगांना स्थान मिळाले. अडखळत आलेल्या माणसाचा गुडघाच तेवढा चोळीत बसणारा उपचारक त्याचा मित्र नव्हे. आपल्या विद्येची हद्द ओळखून ‘हे माझे काम नाही, तुम्ही डॉक्टरांकडे चला’ असे सांगणे, हाही उपचारच आहे.

उरला प्रश्न पैशाचा. चिकित्सेला बाजारचा माल समजून तिची विक्री करणारे सोन्याची रास सोडून धुळीची रास उचलतात, असा चरकसंहितेचा अभिप्राय आहे. याचा अर्थ वैद्याने उपाशी राहावे असा कोणी करू नये. उकव्यातील तरुणालाही खोलीचे भाडे द्यावयाचे असते आणि घरी म्हातारे आईवडील असतात. दोष आहे तो विद्येचे रूपांतर मालात करण्याचा. वेळ, ज्ञान आणि श्रम यांचे मोल घेणे न्याय्य आहे. खेपांची संख्या वाढवून मोल घेणे अन्याय्य आहे. प्रारंभीच अंदाजे किती खेपा लागतील हे सांगावे, व्यायाम कागदावर लिहून वा घरच्या माणसाला दाखवून द्यावा, आणि गरज संपताच तसे सांगावे. एवढे केले तर गल्ला आणि धर्म यांचे भांडण बरेचसे मिटते. त्याच संहितेने वैद्य, औषध आणि परिचारक यांच्या बरोबरीने रोग्यालाही चिकित्सेचा चौथा पाद मानले आहे. जो चौथ्या पादाला उभे करीत नाही, त्याची चिकित्सा कितीही थाटाची असली तरी लंगडीच राहते.

आता थोडे आपल्याकडे पाहू. देवळांच्या आश्रयाने चालणारे दवाखाने आणि शिबिरे ही आपल्या समाजाची भूषणे आहेत. परंतु दात्याचे नाव यंत्रावर कोरता येते, उपचारकाने एका वृद्धेला व्यायाम शिकविण्यात घालविलेल्या अर्ध्या तासावर कोरता येत नाही. म्हणून यंत्रे येतात, आणि ती चालविणाऱ्या माणसाचे वेतन मात्र अपुरेच राहते. विश्वस्तांनी पुढील खेपेस यंत्राऐवजी एका शिकलेल्या माणसाच्या वर्षभराच्या वेळेचे दान स्वीकारावे, असे सुचविण्याचे धाडस मी करतो. आणि दोष केवळ विश्वस्तांचा नाही. यंत्र लावले नाही तर उपचार झालाच नाही असे म्हणणारे रोगी आपणच असतो. प्रदक्षिणेला गुडघा साथ देत नाही म्हणून आपण खुर्ची मागतो, आणि खुर्ची जरूर द्यावी. पण ज्याच्या गुडघ्यात अजून बळ येण्याजोगे आहे, त्याला प्रदक्षिणेची वाट परत मिळवून देणे ही अधिक मोठी सेवा होय.

मराठीत निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. कोंकणीतही ‘येतां’ म्हणूनच उंबरठा ओलांडतात. उपचारकाच्या दारी मात्र रोग्याने खुशाल ‘जातो’ म्हणावे. ते ऐकून ज्याला बरे वाटते, त्याच्या दारी नवा दुखणाईत येण्याची चिंता नसते, कारण बरा होऊन गेलेला माणूसच त्याला ते दार दाखवितो.