स्ट्रिंग फंक्शन आप्त आहे का?

लाखो नोंदींमधली गावांची नावं एकसारखी करायची असतात. प्रोग्रॅमर त्यासाठी स्वतःचा ऑपरेटर, म्हणजे प्रत्येक नोंदीवर चालणारी एक प्रक्रिया, लिहितो. पण त्याच्या पोटात राबतात ती बहुतेक इन-बिल्ट फंक्शनंच. कडेच्या मोकळ्या जागा काढायला ‘स्ट्रिप’, तुलनेला ‘इक्वल्स’. त्यांचा आतला कोड सहसा कुणी उघडून पाहत नाही. फंक्शन सांगेल ते खरं धरून काम पुढे सरकतं. भारतीय दर्शनांत अशा ज्ञानाच्या साधनाला शब्दप्रमाण म्हणतात, आणि ते प्रमाण मानावं की नाही यावर शतकानुशतकं वाद झाला आहे.

चार्वाकांनी प्रत्यक्षापलीकडे काही मानलं नाही. दिङ्नागाने शब्दाला अनुमानाच्या खात्यात टाकलं. नैयायिकांनी मात्र त्याला स्वतंत्र जागा दिली, ती एका अटीवर: सांगणारा आप्त हवा. त्याला विषय ठाऊक असावा आणि जाणलं तसंच सांगण्याची त्याची इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू, असं वात्स्यायनाने न्यायभाष्यात नोंदवलं आहे. आप्ताचं कुळ पाहायचं नाही, जाणकारी पाहायची.

दोन आप्तांचंच जमलं नाही तर? वेबपानावरून उचललेल्या ‘पुणे’ला कधीकधी नो-ब्रेक स्पेस चिकटून येते. पायथनचं ‘स्ट्रिप’ ती काढून टाकतं. जावाच्या अकराव्या आवृत्तीत, 2018 साली, याच नावाचं फंक्शन आलं. ते तिला हात लावत नाही. दोन्ही आपापल्या नियमाला प्रामाणिक आहेत. कोणता नियम हवा, हे ऑपरेटर लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं.

नियम ठरला तरी फंक्शनचं उत्तर खरं कसं मानायचं? मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. ते खोटं ठरवणारं बाधक ज्ञान येईपर्यंत शंका घेण्याचं कारण नाही. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून ठरतं: दिसलं ते पाणी होतं, हे तहान भागल्यावर पक्कं होतं. प्रोग्रॅमरची टेस्ट याच पंथातली. त्यावर मीमांसकांचा टोला तयारच असतो: मग टेस्टची टेस्ट कोण घेणार? ही तर अनवस्था, न संपणारी साखळी! रोजच्या कामात बहुतेक प्रोग्रॅमर मीमांसकच असतात. एरर आला नाही, म्हणजे बरोबर.

इथे ‘कऱ्हाड’ अडवतं. त्यातला अर्धा र संगणकात तीन तऱ्हांनी साठवता येतो: ऱ या एका चिन्हाने, र आणि नुक्ता अशा जोडीने, किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य चिन्ह वापरून. पहिल्या दोन्ही तऱ्हांतही पुढे हलन्त येतोच. चांगल्या फॉन्टमध्ये तिन्ही सारखेच दिसतात, ‘इक्वल्स’ला तिन्ही वेगळे. गटवारीत एका गावाची तीन गावं होतात आणि एरर मात्र कुठेच येत नाही. बाधक ज्ञानाची वाट पाहणारा पाहतच राहतो. म्हणून इथे नैयायिकांचं ऐकावं लागतं: माहितीतल्या नोंदी हाताने पडताळूनच फंक्शनवर विसंबावं.

युनिकोडचं एनएफसी हे प्रमाणीकरण पहिली दोन रूपं एक करतं. तिसऱ्यासाठी ऑपरेटरमध्ये वेगळा नियम लिहावा लागतो. आणि ‘कऱ्हाड’ व ‘कराड’ हे एकच गाव आहे, हे कोणत्याही स्ट्रिंग फंक्शनचा विषयच नाही. त्यासाठी गावांच्या नावांची यादी हवी, आणि ती तपासायला सातारा जिल्हा ठाऊक असलेला माणूस.