जाणं आणि नेलं जाणं

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. आमचं गाव बीड जिल्ह्यात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला निम्मं गाव ऊसतोडीला निघतं. शेजारच्या काकूंच्या टोळीचा ट्रॅक्टर भाऊबिजेनंतर यायचा होता, त्यामुळे त्या अजून घरीच होत्या.

'लाडकी बहीण'चे पैसे येतात का, मी सहज विचारलं. येतात, म्हणाल्या. २०२४ पासून महिन्याला दीड हजार. बरेच हप्ते त्यांनी खात्यातच राहू दिले आणि त्यातून धाकट्याला चाकणला पाठवलं. गाडीभाडं, खोलीचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याची मेस. तो आता तिथे एका कारखान्यात आहे.

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे पैसे मिळूनही पोरगा बाहेर गेला, आणि तुम्हीही निघालातच?"

काकू हसल्या. "तुला पुण्याला धाडलं तवा तुझ्या अण्णांना असं इचारलं का कुणी?"

नव्हतं विचारलं. दहा वर्षांपूर्वी अण्णांनी कर्ज काढून माझं होस्टेलचं डिपॉझिट भरलं, तेव्हा सगळे म्हणाले, पोरगा इंजिनिअर होणार. 'स्थलांतर' हा शब्द कुणी काढला नाही. तो आपण इतरांसाठी राखून ठेवतो. मग गरिबाच्या हातात पैसे दिले की त्याने गावातच राहावं, ही अपेक्षा माझ्या डोक्यात कुठून आली?

पैसा माणसाला थांबवतो की पाठवतो, हा प्रश्न अभ्यासकांनाही पडला आहे. २००८ मध्ये बांगलादेशातल्या रंगपूर भागात एक प्रयोग झाला. तिथे भातकापणीआधी काम नसतं, घराघरांत उपासमार असते. त्या काळाला 'मोंगा' म्हणतात. शहरात कामाला जायच्या अटीवर कुटुंबांना साधारण साडेआठ डॉलर दिले, म्हणजे बसभाडं आणि वर थोडेसे. त्यामुळे २२ टक्के घरांतून एक जण जास्तीचा बाहेर पडला आणि मागे राहिलेल्यांचं खाणंपिणं सुधारलं. एवढी छोटी रक्कमही त्यांना स्वतःहून पणाला लावता येत नव्हती, कारण काम मिळालं नाही तर घर उपाशी. याउलट मनरेगा. तिथे मजुरी हवी तर गावातच काम करावं लागायचं. गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या गावांतल्या अभ्यासात या योजनेमुळे हंगामी स्थलांतर घटलेलं दिसलं.

म्हणजे पैसा जाण्याचा खर्चही भागवतो आणि जाण्याची गरजही कमी करतो. कुठलं पारडं जड होईल, ते रकमेवर, अटीवर आणि घरावर ठरतं. पण किती जण गेले आणि किती थांबले, यावरून योजना चांगली की वाईट ते ठरवायचं का? आमच्या कामात मेट्रिक चुकीचा निवडला तर डॅशबोर्ड हिरवागार दिसतो आणि वापरणारा वैतागलेला असतो.

काकूंच्या घरी त्या वर्षी आणखी एक रक्कम आली होती. थोरलीच्या लग्नासाठी पावसाळ्यात मुकादमाकडून घेतलेली लाखभर उचल. तीही गरीब घराच्या हातात पडलेली रोकडच, आणि दीड हजारांपेक्षा कितीतरी मोठी. पण उचल घेतली की नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतात. दोन माणसांची मोजणी एका हत्यारात. पुढचे पाच-सहा महिने फडावर काढायचे, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा. दीड हजार मागायला मात्र दारात कुणी येत नाही.

एका पैशाने पोरगा गेला, दुसऱ्या पैशाने काकू नेल्या गेल्या. गावातून वजा झालेली डोकी मोजली, तर दोन्ही सारखीच.

यात मी पोराच्या जाण्याला उगाच सोनेरी मुलामा देतोय का? गावात काम असतं तर तो गेला असता का? कदाचित नाही. पण मग मीही नसतो गेलो. पूर्ण मोकळेपणाने गाव सोडलेला माणूस मला माहीत नाही. तरी फरक उरतोच. पोरगा फोनवर आईला सांगत होता, इथे ओव्हरटाइमचे पैसे नीट देत नाहीत, दुसरी कंपनी बघतोय. काकूंना दुसरा फड बघता येत नाही. वर्षाचे अठरा हजार लाखाच्या उचलीला पुरे पडत नाहीत. त्यामुळे मदतीबद्दल मला आता एवढंच विचारावंसं वाटतं, की या पैशाने कुणाला 'नाही' म्हणता आलं का? मुकादमाला, मालकाला, किंवा गावालाही.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर आला. काकूंनी भांडी, गोधड्या आणि शेळी ट्रॉलीत चढवली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली आईकडे दिली. माझी पुण्याची बस त्याच दिवशी होती. मन झालं असतं तर मला ती चुकवता आली असती.