उसन्या पोकळीवरचा ब्रेक

गाडी मॉडिफाय करणाऱ्याला काय काय बदललं ते विचारून बघा. टर्बो, कॅमशाफ्ट, सायलेन्सर, रुंद टायर, सगळं हौसेने सांगेल. ब्रेक बूस्टरच्या व्हॅक्यूम पाइपचं नाव त्यात सहसा येत नाही. दिसायला साधा काळा रबरी पाइप तो, पण गाडी थांबण्याची सगळी भिस्त इंजिन आणि ब्रेक यांच्यात कारखान्यात झालेल्या एका समझोत्यावर असते आणि तो समझोता या पाइपमधून चालतो.

बूस्टर म्हणजे पत्र्याचा डबा, आत पडदा. पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढलेली असते. पेडल दाबलं की एका बाजूने बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढे रेटते. पडदा २० सेंटिमीटर व्यासाचा आणि दाबातला फरक ०.६ बार धरला, तर हा रेटा १९० किलोच्या आसपास भरतो. ब्रेक निव्वळ आपल्या पायाने लागतो हा आपला गोड गैरसमज आहे.

हवा ओढून झालेली ही पोकळी, म्हणजेच व्हॅक्यूम, पेट्रोल इंजिनात आयती मिळते. थ्रॉटल मिटलेला असताना पिस्टन हवा ओढतात, म्हणून मॅनिफोल्डमध्ये ती तयार होते. ब्रेकसाठी ती कोणी मुद्दाम केलेली नसते. ब्रेक ती उसनी घेतो. रेसिंगचा कॅमशाफ्ट बसवला की आयडलिंगला पोकळी घटते. सिग्नलला पेडल दगडासारखं लागतं आणि मालक ब्रेक पॅड बदलत बसतो. टर्बो बसवला तर त्याच मॅनिफोल्डमध्ये कधी उलटा दाब येतो. तो बूस्टरपर्यंत जाऊ न देणारा एनआरव्ही, म्हणजे पाइपातला एकदिशा व्हॉल्व्ह, गळका निघाला, की मदतीचा भरवसा संपला.

डिझेलची गोष्ट वेगळी. तिथे मॅनिफोल्डमध्ये कामाची पोकळी नसते म्हणून वेगळा पंप लागतो. आपल्याकडच्या कितीतरी जीपगाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीमागे असतो आणि त्याला इंजिनचं ऑइल मिळतं. ऑइलचा अंश पाइपात शिरला आणि रबर त्याला न टिकणारं असलं, तर पाइप आतून फुगतो. मिस्त्रीने हाताशी होता म्हणून रेडिएटरच्या पाण्याचा पाइप जोडला, तर तो गार असताना चालतो; गरम झाला की मऊ पडतो आणि ओढीने आतल्या आत चिकटतो. गॅरेजमध्ये टुणटुणीत दिसणारा पाइप घाटात असा दगा देतो. घाट इंजिन बंद करून उतरणाऱ्या काटकसरी मंडळींनीही ध्यानात ठेवावं: साठलेली पोकळी दोन-तीन दाबांपुरतीच असते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलात बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. हौशी लोकांना ही सरकारी कटकट वाटते. मला तीत तथ्य दिसतं. कंपनीने इंजिन आणि ब्रेक एकत्र तपासलेले असतात. त्यातलं एक बदलणारा नकळत त्या तपासणीची जबाबदारी स्वतःवर घेतो, आणि मिस्त्रीच्या बिलात तिची नोंद नसते.

तपासणी मात्र सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, मग दाबून धरून इंजिन चालू करायचं. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर क्लिप, एनआरव्हीची दिशा आणि मग पाइप, या क्रमाने बघावं. पाइप व्हॅक्यूमसाठी बनवलेलाच घ्यावा, सायलेन्सरपासून लांब न्यावा आणि इंजिन पुरतं तापल्यावर, गाडी गॅरेजच्या दारातून निघण्याआधी, पुन्हा एकदा चाचपून बघावा.