संसारातली जात

आंतरजातीय विवाहाने जात मोडते, ही धारणा महाराष्ट्रात जुनी आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या आणि अखेर न झालेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहभोजन अपुरे ठरवून बेटीव्यवहार हाच खरा उपाय सांगितला. त्याच भाषणातला पुढचा मुद्दा मात्र मागे पडतो: शास्त्रांच्या पावित्र्यावरची श्रद्धा ढळल्याशिवाय माणसे असा विवाह करायला तयारच होणार नाहीत. म्हणजे जातीचे ठाणे मनात आहे. लग्न लागल्यावर त्या मनाचे काय होते, नवरा-बायको जातीविषयी आपसांत काय बोलतात आणि काय टाळतात, याची चर्चा फार थोडी होते.

टाळण्याची ही सोय सगळीकडे नसते. अमेरिकेत वंश कातडीवर दिसतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली लव्हिंग खटल्यात मिश्रवंशीय विवाहांवरची बंदी रद्द केली, तेव्हा ती सोळा राज्यांत लागू होती. बंदी उठली तरी असे जोडपे रस्त्यावर आले की बघणाऱ्याला कळतेच. परभणीच्या स्टेशन रोडवरून जाणाऱ्या आंतरजातीय जोडप्याकडे पाहून कोणाला काही कळत नाही. आडनाव सांगितले की कळते. तेवढ्याने उलगडा झाला नाही तर ‘गाव कोणतं, पाव्हणे कोण’ हे प्रश्न येतात. त्यामुळे लपवायची सोय राहते आणि लपवण्याचे ओझेही राहते. भाड्याची खोली बघताना घरमालकाशी दोघांपैकी कोणी बोलायचे, इथूनच त्या संसारातला जातीचा विचार सुरू होतो.

या लपवालपवीला मराठवाड्यात भीतीची जोड आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर परभणी-नांदेडकडच्या खेड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. तो काळ पाहिलेली पिढी आज आजी-आजोबांची आहे. नातवाने जातीबाहेरच्या मुलीचे नाव काढले की दोन्ही घरांत तेच दिवस आठवतात, फक्त वेगवेगळ्या बाजूंनी. नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या नांदेडात अशाच प्रेमसंबंधातून एका दलित तरुणाचा खून झाला आणि मुलीच्या घरच्यांना अटक झाली. ‘आपल्याकडे आता तसं राहिलं नाही’ असे म्हणणाऱ्यांनी ही घटना डोळ्यांआड करू नये.

कायद्याची वाट मोकळी आहे, पण उघडी आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात दर्शनी जागी लागते आणि हरकतींसाठी तीस दिवस मिळतात. गावाकडचा कोणी कामासाठी तिथे आला आणि त्याने फलक वाचला, की बातमी संध्याकाळपर्यंत पारावर पोचते. म्हणून अनेक जोडपी आळंदीसारख्या ठिकाणी विधीने लग्न लावून १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली नोंद करतात. बौद्धही त्या कायद्याच्या कक्षेत येतात. आंतरजातीय विवाहासाठीच्या शासनाच्या योजनेत २०१० पासून पन्नास हजार रुपये मिळतात, मात्र जोडीदारांपैकी एक अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटक्या किंवा विशेष मागास प्रवर्गातला असावा लागतो. मराठा-ब्राह्मण जोडपे त्यात बसत नाही. ते योग्यच आहे, कारण सगळ्या आंतरजातीय विवाहांची किंमत सारखी नसते.

संसार सुरू झाला की एक वाक्य वारंवार ऐकू येते: ‘आम्ही जात मानत नाही.’ ते दोघेही मनापासून म्हणतात, पण दोघांना ते सारखे परवडत नाही. सवर्ण घरात आलेल्या बौद्ध सुनेला स्वयंपाकघरात कोणी अडवत नाही, तिच्या हातच्या भाजीचे कौतुकही होते. महालक्ष्म्यांचा सण येतो. पुरणाचा स्वयंपाक थोरल्या जाऊबाई सोवळ्यात करतात आणि हिला मायेने सांगितले जाते, ‘तू दमलीस, जरा बाहेर बस.’ नवऱ्याला त्यात आईची माया दिसते, बायकोला आखलेली रेघ दिसते. तिने बोलून दाखवले तर ‘तुला सगळीकडे जातच दिसते’ हे उत्तर तयार असते. तिथे ती गप्प होते, आणि ही गप्प बसण्याची सवय भांडणापेक्षा जास्त नुकसान करते. उलट बाजूने, बौद्ध घरात आलेल्या सवर्ण मुलीला स्वतःची जात बहुधा प्रथम दिसते ती माहेर तुटल्यावर. तोवर ती तिला केवळ आपल्या घरची रीत वाटत आलेली असते. १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीला नवऱ्याबरोबर जावे की नाही, हा तिच्यापुढचा प्रश्न साधा नसतो. जी जोडपी रीत, आडनाव, सण यांवर जातीचे नाव घेऊन बोलतात, त्यांच्यात निदान कोणाच्या वाट्याला किती आले याचा हिशेब उघड राहतो. नवऱ्याने आईशी स्वतः बोलायचे की बायकोने सोसायचे, हे त्या हिशेबावर ठरते.

मूल झाले की प्रश्न कागदावर येतो. शाळेच्या दाखल्यावर जातीचा रकाना असतो आणि तिथे सहसा वडिलांची जात लिहिली जाते. सवर्ण स्त्रीला केवळ लग्नामुळे पतीच्या मागास जातीच्या सवलती मिळत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वल्सम्मा पॉल खटल्यात म्हटले. २०१२ साली रमेशभाई नायका खटल्यात त्याच न्यायालयाने मुलाची जात वडिलांचीच असे गृहीत धरले तरी ते गृहीतक खोडता येते, असे ठरवले: आई दलित किंवा आदिवासी असेल, मूल तिच्या समाजात वाढले असेल आणि त्या समाजाच्या वाट्याचे हाल त्याने सोसले असतील, तर त्याला ते सिद्ध करता येते. हे सिद्ध करताना कागद आजोळचे लागतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. तो मामाकडून मागून आणायचा, तर आईचे आपल्या माणसांकडे येणे-जाणे टिकलेले असावे लागते.