हाताचा वास

मस्कतमधल्या मत्रहच्या मासळी बाजारातून सुरमई घेऊन कॉर्निशच्या रस्त्याला लागलं की मांजरं मागे लागतात. काल एक बोका पिशवी सोडून माझ्या रिकाम्या हातालाच नाक लावत राहिला. हातात मासा नव्हता, नुसता वास होता. त्याच्या लेखी तो हातच मासा झाला होता.

मला अजगर आठवला. मोठे अजगर पाळणाऱ्यांना चावे बसतात ते बहुतेक वेळा रागातून नव्हे, अशाच चुकीतून. अजगर जिभेने हवेतला वास टिपतो, ओठांवरच्या खळग्यांनी ऊब ओळखतो. उंदराचा वास लागलेला गरम हात पुढे आला, तर त्याने वेगळं काय समजावं? म्हणून जाणती माणसं आधी हात धुतात. जिवंत उंदीर सोडत नाहीत. तोही सापाला चावून जखमी करतो. मारून गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून लांब चिमट्याने पुढे धरतात. नुसती साफसफाई असेल, तेव्हा आकडीने अंगाला हलकेच स्पर्श करतात, आज जेवण नाही हे त्याला कळावं म्हणून. आणि मोठ्या अजगराला एकट्याने कधीच भरवत नाहीत. वेढा पडलाच, तर तो शेपटीकडून सोडवायला दुसरं माणूस लागतं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते नंतरचं. जेवल्यावर निदान दोन दिवस त्याला उचलायचं नाही, नाहीतर तो खाल्लेलं ओकून टाकतो. ब्रह्मदेशी अजगराचं हृदय पोटभर जेवणानंतर ४८ तासांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. आतडी, यकृतही वाढतात. एवढं मोठं काम आत चाललेलं असताना बाहेरून लाड करायला जाणं म्हणजे छळच.

लहानपणी नागपंचमीला दारात गारुडी यायचा. आई हळदकुंकू वाहून दुधाची वाटी पुढे सरकवायची. टोपलीतला नाग तोंड लावायचा तो तहानेने. दूध हे त्याचं अन्नच नव्हे. आईच्या भक्तीत खोट नव्हती. पण त्याला काय हवंय, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

बोका जिन्यापर्यंत आला होता. सुरमईचा शेपटीकडचा तुकडा बशीत घालून खाली ठेवला आणि त्याचं खाऊन होईपर्यंत लांब उभा राहिलो.